कोंबड्यांचे पाय बघणारी इमामबी

कोंबडीला पाय असतात हे आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना ती रश्शात पडल्यावरच आठवतं. एरवी ती लंगडत असो, एका पायावर उभी असो, दिवसभर कोपऱ्यात बसून असो, कुणाचं लक्ष नसतं. अंडं मिळालं नाही की मग ओरड. बदनापूरच्या स्टेशनामागे आमची गल्ली आहे. बावीस घरं, त्यातल्या चौदा घरांच्या परसात कोंबड्या. आणि या चौदा घरांत कोंबडीला मांडीवर घेऊन तिचा तळवा बघणारी बाई एकच, इमामबी. तिच्याबद्दल लिहिते आहे, आणि रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. हा राग गल्लीवर आहे, इमामबीवर आहे आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर आहे.

मी उमा. जालन्याला एका कचेरीत नोकरी करते. जीभ तिखट आहे, असं माझा नवरा मुकुंद म्हणतो, आणि तेवढं म्हणून लगेच बाहेर जातो. आमच्या घरात अंडंसुद्धा सासूबाई गेल्यानंतर आलं. मग मुकुंदला हौस आली आणि त्यानं आठ गावरान कोंबड्या आणल्या. हौस त्याची, खुराडं झाडते मी. त्या निमित्तानंच माझी आणि इमामबीची खरी ओळख झाली, नाहीतर चार दारं सोडून राहत असूनही ईदच्या शिरखुर्म्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

इमामबीचा नवरा सिराजोद्दीन नालबंद होता. बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा. बाजाराच्या दिवशी तो बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचा, खूर तासायचा, आणि बैलाचं डोकं दाबून धरून बसायची इमामबी. वीस-बावीस वर्षं तिनं हेच केलं. मग ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि काही वर्षांनी सिराजोद्दीनही गेला. घरात उरली त्याची हत्यारं, साजिद नावाचा मुलगा आणि सिराजोद्दीनचं एक वाक्य: "पैर गया तो जानवर गया." बैल संपल्यावर इमामबीनं कोंबडीचा पाय धरला, एवढंच.

आमच्याकडे हातगुण म्हणतात. एखाद्याच्या हाताला यश असतं, तसं इमामबीच्या हाताला होतं. शिक्षण नाही, शेत नाही, घर पत्र्याचं. पण कोंबडी काखोटीला मारून बायका तिच्या दारात यायच्या, "खाला, जरा बघा ना" म्हणायच्या (खाला म्हणजे मावशी), तेव्हा ती ताठ बसायची. पदर सारखा करायची. मग तोंड सोडायची. शिव्या खाल्ल्याशिवाय कोंबडी बरी होत नाही असं गल्लीत म्हणायचे. गल्लीत तिला मान होता तो या एका हातगुणाचा, आणि गेल्या पावसाळ्यात तोच जायची वेळ आली.

झालं असं की गेल्या पावसाळ्यात गल्लीत घोट्याएवढा चिखल झाला. अर्ज जिथं द्यायचे तिथं देऊन झाले होते. उत्तर आलं नाही, फक्त चिखल वाढला. तेव्हा साजिद मदतीला आला. तो जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या एका कारखान्यावर टेम्पो चालवतो. तिथं भट्टीतून लोखंड काढून घेतलं की काळा, खडबडीत, काचेसारखा माल मागे उरतो. सगळे त्याला स्लॅग म्हणतात. डोंगरच्या डोंगर पडलेले असतात, कुणीही भरून न्यावा. साजिदनं तीन टेम्पो आणून गल्लीत ओतले. एका दुपारीत चिखल गायब. गल्ली कडक, कोरडी आणि काळी झाली.

काय कौतुक झालं त्याचं! समोरच्या दैवशालानं पेढे आणून त्याच्या हातावर ठेवले. जो तो म्हणायला लागला, थोडा आमच्या परसात पण टाक की. साजिदनं टाकला. कोंबड्यांच्या खुराड्यापुढे पावसात नेहमी राड होते, तिथं तर सगळ्यांनीच घमेलीच्या घमेली ओतून घेतली. मीसुद्धा. खुराड्यात पसरून वर फावड्यानं थापलं आणि मुकुंदला म्हटलं, बघ, याला म्हणतात काम.

श्रावणात माझी एक कोंबडी लंगडायला लागली. तिच्या डोक्यावर पिसांचा तुरा आहे म्हणून तिचं नाव टोपी. मी तिला घेऊन इमामबीकडे गेले.

"किती दिवस झाले लंगडून राह्यली?"

"चार-पाच दिवस असतील."

"असतील? तुझ्या पायात काटा घुसला असता तर असं 'असतील' म्हणली असती का गं?"

तिनं टोपीला मांडीवर उताणी घेतली आणि पदराचं टोक तिच्या डोळ्यांवर टाकलं. डोळे झाकले की कोंबडी गप्प होते. मग पाय माझ्याकडे वळवला. तळव्याच्या मधोमध सूज होती आणि तिच्यावर बटणाएवढी काळी खपली. आमच्याकडे त्याला कुरूपच म्हणतात, माणसाच्या पायाला होतं तसं. इमामबी म्हणायची, "कुरूप म्हण न्हाईतर गळू म्हण, आत पू हाय. बाहेरून बटन दिसतं, आत मुळी असती."

तिची पद्धत ठरलेली होती. चुलीवर भगुन्यात पाणी उकळायचं आणि त्यात सिराजोद्दीनच्या हत्यारांतलं एक छोटं पातं आणि चिमटा टाकायचा. दुसरीकडे कोमट पाण्यात मीठ घालून कोंबडीचा पाय त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून धरायचा. खपली मऊ झाली की दोन्ही हातांत दुधाच्या रिकाम्या, धुतलेल्या पिशव्या घालायच्या, खपली हलकेच उचलायची आणि आतली पिवळी, घट्ट मुळी चिमट्यानं ओढून काढायची. ओरबाडायची नाही, रक्त काढायचं नाही. मग आयोडीनचं तांबडं औषध, कापूस आणि बोटांच्या मधून फिरवलेली चिकटपट्टी. सूज पायाच्या नळीवर चढलेली असेल तर हात लावायची नाही. "ही माझ्या हातची न्हाई, दवाखान्यात ने," म्हणायची आणि दारात उभंसुद्धा करायची नाही.

पट्टी झाल्यावर ती माझं खुराडं बघायला आली आणि मला घरच्याच अंगणात चोरासारखं उभं केलं.

"ही बसायची दांडी? लोखंडी अँगल? तू झोपती का गं अँगलवर? अन् एवढ्या उंच? रोज सकाळी ही जाडी बाई वरून धप्पदिशी उडी मारती, मंग पाय फुटंल न्हाई तर काय? गोल लाकूड लाव, साल काढलेलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर. शिळ्या पोळ्या बंद कर, पालेभाजी टाक. अन् दर शुक्रवारी सगळ्यांचे पाय बघत जा. तोंड काय बघती कोंबडीचं, पाय बघ."

मी सगळं केलं. सुबाभळीची दांडी घासून लावली. टोपीला निराळ्या खोक्यात भुशावर ठेवलं आणि रोज पट्टी बदलली. इमामबी दोन दिवसांआड यायची, पाय बघायची आणि जाताना खुराड्यातला केर स्वतःच्या हातानं झाडून गोणीत भरून न्यायची. मी म्हटलं, राहू द्या, मी झाडते. तर माझ्या हातातून खराटा हिसकून घेतला. सगळ्या घरी ती असंच करायला लागली. दैवशाला म्हणाली, खत म्हणून विकत असेल कुणाला तरी. मलाही ते पटलं. फुकट कोणी कोंबडीची घाण उचलतं का?

टोपी बरी झाली आणि त्याच आठवड्यात दुसरी लंगडायला लागली. मग तिसरी. दैवशालाकडे चार, कोपऱ्यावरच्या तातेरावांकडे दोन. भादव्यापर्यंत नऊ घरांत लंगड्या कोंबड्या झाल्या. इमामबी घरोघर फिरत होती, दांड्या बदलायला लावत होती, शिव्या घालत होती, पट्ट्या बांधत होती. पाय बरा व्हायचा आणि महिन्याभरात दुसरा सुजायचा. दैवशालाच्या चारही कोंबड्यांची सूज वर चढली. दवाखान्यात न्या, असं इमामबीनं तिला तीनदा सांगितलं होतं. तिनं नेल्या नाहीत, शेवटी कापाव्या लागल्या. आणि मग दैवशालानं तोंड उघडलं.

"आधी एक लंगडी व्हती. खालानं हात लावला अन् सगळ्या लंगड्या झाल्या. एकच पातं घेऊन हिंडून राह्यली घरोघर. तिच्याच हातानं फिरून राह्यलं हे."

बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही म्हणतात. पण ऐकणाऱ्याला कान झाकता येतात की! गल्लीत एकानंही झाकले नाहीत. ज्या बाईच्या हातानं दहा वर्षं कोंबड्या बऱ्या झाल्या, तिचा हातगुण एका आठवड्यात उलटा झाला. बायका कोंबड्या लपवायला लागल्या. इमामबी दारात आली की "कामात हाये खाला" म्हणून आतून कडी लावायला लागल्या.

आणि मी? मी तर शिकलेली. उचलली जीभ लावली टाळ्याला. एका रविवारी माझी पाचवी कोंबडी, एक पाय बरा झालेली, आता दुसऱ्या पायानं लंगडताना बघितली आणि तशीच तणतणत इमामबीच्या दारात गेले. दैवशाला आणि आणखी तिघी-चौघी माझ्या मागे आल्याच. इमामबी ओट्यावर कुणाच्या तरी कोंबडीचा पाय धरून बसली होती.

"खाला, एका पात्यानं अख्ख्या गल्लीच्या कोंबड्या कापता तुम्ही. घाण तुमच्याच हातानं फिरून राह्यली. आता बस करा."

हे मी म्हटलं. मीच. आणि म्हणत असताना मला समोर चूल दिसत होती, तिच्यावर भगुनं दिसत होतं, त्यात बुडबुडे येत होते आणि पातं त्यात खालीवर होत होतं. टोपीच्या वेळी मी ते डोळ्यांनी बघितलं होतं. एका कोंबडीनंतर दुसऱ्या कोंबडीला हात लावायच्या आधी ती पिशव्या फेकते, साबणानं कोपरापर्यंत हात धुते आणि पातं पुन्हा उकळते, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं. राग आला की मला माहीत असलेलं काहीच आठवत नाही, आणि ही काही फुशारकीनं सांगायची गोष्ट नाही.

मला वाटलं होतं ती माझे वाभाडे काढेल. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

"बराबर हाय. मंग नका आणू," ती म्हणाली आणि भगुनं चुलीवरून उतरवून ठेवलं.

त्या दिवसापासून तिच्या ओट्यावर कोणी गेलं नाही.

मी माझी पाचवी कोंबडी सोमवारी रजा टाकून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी दुसरा, बरा झालेला पाय बघितला.

"हा कोणी केला?"

"आमच्या गल्लीतली एक बाई आहे," मी नाक मुरडून म्हटलं.

"चांगला केलाय. हात अस्वच्छ असता तर ही कोंबडी आज दिसली नसती. कातडी बघा कशी भरून आली आहे." मग त्यांनी सुजलेला पाय उघडला आणि चिमट्यानं मुळीसोबत काहीतरी काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकलं. टिण् असा आवाज झाला. तांदळाच्या कणीएवढा काळा, चकचकीत तुकडा. एका बाजूला धार.

"खुराड्यात खाली काय टाकलंय तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"काचेवर कोंबड्या पाळताय. पाय कापणार, जखमेतून जंतू आत जाणार, पू होणार. तुम्ही शंभर वेळा पट्टी बांधा, पुन्हा होणार. आधी ते काढून टाका." मग म्हणाल्या, "पण ज्या बाईनं एवढे पाय उघडले तिला हे तुकडे सापडलेच असणार. तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

बदनापूरच्या रस्त्यावरून कोंबडी काखेत घेऊन मी कशी परत आले ते मला आठवत नाही. तिला माहीत होतं! अँगल बदल, दांडी खाली घे, पोळ्या देऊ नको, हे सगळं मला सांगणारी बाई खरं कारण पोटात ठेवून बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्याशानंच चोराला लपवलं होतं.

इमामबी घरात एकटी होती. मी तो काळा तुकडा तिच्यासमोर टाकला.

"हे काय आहे, खाला?"

ती उठली. कोनाड्यातून सिराजोद्दीनची तंबाखूची चपटी डबी आणली, उघडली आणि माझ्यापुढे ठेवली. डबीत तसेच तुकडे होते. काळे, धुतलेले, लखलखीत.

"एकतीस हायेत," ती म्हणाली. "तिसऱ्या कोंबडीलाच कळलं व्हतं मला."

"मंग बोलला काऊन न्हाई?" मी ओरडले. "गल्लीनं तुमचं नाव बदनाम केलं. मी दारात येऊन बोलले. तरी गप्प?"

"साजिदनं आणलं ना ते."

"मग?"

"मंग काय? तुला ठावं न्हाई, त्याच्या बापानं मरंपर्यंत त्याला निकम्मा म्हटलं. नालबंदाचं पोरगं अन् नाल ठोकता येईना. चार कामं धरली, चार सुटली. त्या दिवशी पयल्यांदा गल्लीनं त्याच्या हातावर पेढा ठेवला. घरी येऊन त्यानं अर्धा पेढा माझ्यासाठी आणला व्हता कागदात. आता मी त्याला सांगू, तुझ्यामुळं गल्लीच्या कोंबड्या मरून राह्यल्या?"

"अन् कोंबड्या मरू द्यायच्या?"

"मरू कुठं दिल्या? रोज उचलून राह्यली ना मी. रोज एक गोणी. खुराडी जवळजवळ साफ होत आल्ती. तुम्ही कड्या लावल्या, मंग कसं उचलू?"

तेव्हा मला ती गोणी कळली. कोंबड्यांचा केर म्हणून ती बाई पासष्टीच्या वयात उकिडवं बसून खराट्यानं आमच्या चौदा घरांतला स्लॅग कणकण गोळा करत होती. आणि आम्ही म्हणत होतो, खत विकते. मला शरम वाटली आणि शरमेनं आणखी राग आला. मला दुसरं काही येतच नाही.

"तुमच्या पोराच्या अर्ध्या पेढ्यापायी दैवशालाच्या चार कोंबड्या गेल्या, खाला. हे चूक आहे. त्याला नुसतं सांगितलं असतं तर तो अर्ध्या दिवसात उचलून गेला असता. बत्तीस वर्षांचा घोडा आहे तो!"

"त्याचं तोंड कसं झालं असतं, ते मला बघवलं नसतं."

"येत्या रविवारपर्यंत तुम्ही सांगा. न्हाईतर मी सांगते."

ती डबी बंद करत म्हणाली, "मी सांगते."

मधले सहा दिवस मी स्वतः काय केलं? माझ्या खुराड्यातला स्लॅग काढला आणि गप्प बसले. लोकांच्या कोंबड्या आणखी सहा दिवस त्या काचेवर चालल्या. म्हणजे इमामबीनं जे महिनाभर केलं तेच मी आठवडाभर केलं, आणि माझ्याकडे तर पोराचं कारणही नव्हतं.

रविवारी सकाळी दैवशालाच्या ओट्यापुढे सगळ्या जमल्या. तातेराव दात घासत उभे होते. इमामबीनं डबी उघडून ओट्यावर ठेवली.

"हे तुमच्या कोंबड्यांच्या पायातून निघालं. खालच्या काळ्या खडीचं हाय. खडी काढा, पाय बरे व्हतील." मग मान वर न करता म्हणाली, "खडी मीच मागवली व्हती. साजिद नको म्हणत व्हता. मीच म्हटलं, घेऊन ये. त्याचा काही गुन्हा न्हाई."

खोटं. धडधडीत खोटं. ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि एरवी कुणाच्याही बोलण्यात नाक खुपसणारी मी तोंडात गुळणी धरून उभी राहिले.

दैवशाला पेटलीच. "म्हंजी तुम्हीच आणली, तुम्हीच लपवली, अन् वरून आम्हालाच शिव्या? माझ्या चार कोंबड्या गेल्या, खाला! लाज वाटत न्हाई का?"

"वाटती ना," इमामबी म्हणाली.

साजिद गल्लीच्या तोंडाशी टेम्पो धूत होता. हातातली बादली तशीच घेऊन तो आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. त्यानं डबीकडे बघितलं, मग आईकडे.

"अम्मी, तू कब बोली मेरेकू?"

"चुप बैठ."

"न्हाई, कब बोली?" मग तो दैवशालाकडे वळला. "काकू, अम्मीनं काहीच सांगितलं न्हाई. मीच आणलं, मला वाटलं चांगलं काम व्हईल. अम्मी त्या दिवशी घरीपण नव्हती. तिचं नाव घेऊ नका."

इमामबीनं काडकन त्याच्या मुस्काटात मारली. बत्तीस वर्षांच्या पोराच्या, भर गल्लीत. बादली खाली पडली.

"तेरेकू किसने पूछा रे?" ती ओरडली. "इतने दिन मैं गालियाँ खाई. किसके वास्ते खाई? एक मिनट में सब मिट्टी कर दिया!"

साजिद गाल चोळत घरात गेला, फावडं आणि घमेलं घेऊन बाहेर आला आणि आईच्या दारापासून खडी उकरायला लागला.

दोन रविवार लागले. साजिदनं टेम्पो लावला. आधी तो एकटाच होता, मग मुकुंद गेला, मग तातेराव दात घासून झाल्यावर गेले. गल्लीत मुरूम पडला, खुराड्यांपुढे वाळू आणि आत लाकडाचा भुसा. लंगड्या कोंबड्या हळूहळू बऱ्या झाल्या. दैवशालानं नवीन दोन पिल्लं आणली. आता सगळ्या बायका पुन्हा इमामबीच्या ओट्यावर जातात, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. "खाला, जरा बघा ना." खाला बघते. पण "आमचं चुकलं" असं एकीनंही म्हटलेलं नाही. जिला दारं बंद केली तिच्याशी पट्टी संपल्यावर दोन शब्द बोलायलाही कुणी थांबत नाही. मला त्याची चीड येते, आणि चीड येण्याचा मला काय अधिकार, तेही कळत नाही.

दुसऱ्या रविवारची गोष्ट सांगते आणि थांबते. शेवटची घमेली उरली होती. मी मारे पदर खोचून उकरायला गेले. पायात घरातली जुनी स्लीपर. एक तुकडा स्लीपर फाडून टाचेत घुसला. मी मटकन खाली बसले.

इमामबीनं मला दंडाला धरून ओट्यावर नेलं. "ही चप्पल हाय का पापड? कोंबडीला अक्कल न्हाई, तुला तर हाय ना?" कोमट मिठाच्या पाण्यात माझा पाय बुडवला आणि दुसऱ्या चुलीवर भगुनं ठेवून त्यात चिमटा टाकला.

"राहू द्या खाला, धुतलेला असेल. काढा पटकन."

"न्हाई. उकळणार."

पाणी उकळल्यावर तिनं भगुनं फडक्यानं धरून उचललं आणि थेट माझ्या तोंडापुढे आणलं. वाफ डोळ्यांत गेली.

"बघ."

"खाला..."

"बघ म्हणते ना. नीट डोळे फाडून बघ. उकळून राह्यलं का? बुडबुडे दिसले का?"

"दिसले."

"मंग पुन्हा चारचौघांत म्हणू नको."

तिनं हात कोपरापर्यंत धुतले आणि माझी टाच मांडीवर उलटी घेतली. तिच्या हाताला जरासुद्धा कंप नव्हता. तुकडा निघाला. तिनं तो धुऊन डबीत टाकला आणि उद्या धनुर्वाताचं इंजेक्शन घे म्हणाली. मग तांबड्या औषधाची बाटली उघडली.

"खाला, चुकलं माझं," मी म्हटलं.

"पाय हलवू नको," ती म्हणाली.